शाळेतले 120 टॅब सांभाळायचे कसे?

संस्थेच्या तीन शाळांत मिळून 120 टॅब आलेत आणि मुलं त्यांत गेम टाकतात, असं तुम्ही लिहिलंय. मी इंदुरात एका मराठी संस्थेच्या शाळेत हेच काम बघते. माझं ऐकाल तर वाटप थांबवा, आधी एमडीएममध्ये, म्हणजे सगळे टॅब एका जागेवरून सांभाळणाऱ्या सेवेत, त्यांची नोंदणी करा.

अँड्रॉइड टॅब फॅक्टरी रीसेट करा. स्वागताच्या पहिल्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारली की क्यूआर कोड वाचायची सोय उघडते. तुमच्या एमडीएम सेवेचा कोड दाखवलात की टॅब शाळेच्या ताब्यात. मग ॲप टाकणं-काढणं, सेटिंगला कुलूप, सगळं एका जागेवरून. वापर सुरू झाल्यावर हे करायला गेलात तर पुन्हा सगळं पुसावं लागतं.

कुणाही शिक्षकाचं खासगी जीमेल त्यात अजिबात नको! आमच्या एक बाई शाळा सोडून गेल्या, मागाहून मुलांनी बटणं दाबून टॅब रीसेट केला, तर तो बाईंचंच खातं मागत बसला. त्यांना पासवर्ड आठवेना. आठ दिवस गेले त्यात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बॅटरी साधारण निम्मी भरून ठेवा. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या कपाटात पूर्ण चार्ज करून ठेवलेल्या आमच्या तीन टॅबची काच कडेने उचलली गेली होती, आत बॅटरी फुगलेली.

पालकांची संमतीही घ्याच. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येकजण बालकच आहे. आणि टॅबवर क्रमांक ऑइल पेंटने लिहा, स्टिकर मुलं खरवडून काढतात.