'निर्दोष सुटले' की 'किटाळ गेलं'?

लालबागच्या आमच्या चाळीतली एक मुलगी सध्या अनुवादाचं काम शिकते आहे. तिच्या वडिलांची ऑफिसात चौकशी लागली होती, रोकड कमी भरली म्हणून. परवा आदेश हातात आला. त्यात इंग्रजीत लिहिलंय, 'फुली एक्झॉनरेटेड'. तिने धावत जाऊन आजीला सांगितलं, "बाबा निर्दोष सुटले!" पोळी लाटता लाटता आजींचा हात थांबला. "सुटले म्हणजे? तो काय आत होता?"

मग मुलगी माझ्याकडे आली. काका, एक्झॉनरेटला मराठीत काय म्हणायचं? आणि ॲक्विट, व्हिंडिकेट हे त्याहून वेगळे कसे?

आजींचं बरोबर आहे. गाय दाव्यातून सुटते, कैदी तुरुंगातून सुटतो. 'सुटला' म्हटलं की आधीची पकड डोळ्यांपुढे येते, आणि 'थोडक्यात वाचला' असाही वास त्याला येतो. 'निर्दोष सुटका' हा कोर्टाच्या बातम्यांतला शब्द आहे, आणि तो ॲक्विटसाठी.

ॲक्विट म्हणजे खटला चालून गुन्हा सिद्ध न होणं. कायद्याच्या मराठीत 'दोषमुक्त'. याने केलंच नाही, असं त्यात दर वेळी म्हटलेलं नसतं. संशयाचा फायदा मिळालेलाही दोषमुक्तच. म्हणून तर कोर्टातून सुटलेल्या माणसाची खात्यातली चौकशी चालू राहू शकते. आरोप ठेवण्याइतकंही काही नाही म्हणून सुरुवातीलाच सोडलं तर ते डिस्चार्ज, 'विनादोषारोप सोडणे'. बातम्यांत दोघांनाही सरसकट 'निर्दोष' म्हणतात ते मला खटकतं. डिस्चार्ज झालेल्यावर नवा पुरावा मिळाला तर पुन्हा खटला होऊ शकतो. दोषमुक्तावर त्याच गुन्ह्यासाठी, अपील सोडलं तर, नाही.

एक्झॉनरेटच्या पोटात लॅटिनमधला 'ओनस' आहे, म्हणजे ओझं. हमालाच्या पाठीवरची गोणी उतरावी तसा दोष उतरतो. मराठीत मात्र दोष सहसा पाठीवर नसतो, तो माणसाला चिकटतो. डाग लागतो, ठपका ठेवला जातो, आळ येतो, बालंट येतं. यांच्यातही फरक आहेत. ठपका बहुधा वरिष्ठ किंवा चौकशी समिती ठेवते, तो कागदावर असतो. आळ शेजारीपाजारीही घेतात, त्याला कागद लागत नाही. बालंट आणि किटाळ या शब्दांतच आरोप खोटा असल्याचं बोलणाऱ्याने ठरवून टाकलेलं असतं. म्हणून 'ठपका पुसला गेला' हे ऑफिसचं झालं, आणि 'किटाळ गेलं' हे घरचं.

गणेश चतुर्थीला चंद्र बघू नये म्हणून घरोघरी स्यमंतक मण्याची गोष्ट सांगतात. कृष्णावर चोरीचा आळ आला. तो जांबवंताच्या गुहेत गेला, मणी मिळवला आणि सत्राजिताच्या हातावर ठेवला. पुरावा नाही म्हणून त्याला कुणी सोडलं नाही, मणीच समोर आला. एक्झॉनरेट म्हणतात ते हे. एक्सकल्पेट जवळचाच, पण तो जास्त करून पुराव्याबद्दल वापरतात: ज्या पावतीने दोष खोडून निघाला ती पावती एक्सकल्पेट करते. ॲब्सॉल्व्हमध्ये कबुलीनंतर पापातून मोकळं करणं आहे, तो इथे नकोच.

पार्डनही वेगळा. खुनाच्या खटल्यात नौदल अधिकारी कावस नाणावटींना १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या ज्यूरीने, म्हणजे निकालासाठी बसवलेल्या नागरिकांच्या पंचमंडळाने, ८ विरुद्ध १ अशा मतांनी निर्दोष म्हटलं. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरून जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती १९६१ साली कायम केली आणि १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली. माफीने शिक्षा गेली. दोष गेला असं माफी म्हणत नाही.

व्हिंडिकेट मला या सगळ्यांत मोठा वाटतो. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात ज्यूरीने टिळकांना ७ विरुद्ध २ मतांनी राजद्रोहाचे दोषी ठरवलं. ज्यूरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, असं ते तिथेच म्हणाले आणि सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेला गेले. तो निकाल कुणी फिरवला नाही, तेव्हा ॲक्विट नाही. पण १९५६ साली त्याच न्यायालयाच्या ४६ नंबरच्या दालनाबाहेर त्यांच्या त्याच शब्दांचा फलक लागला, तोही मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते. माणूसच नव्हे, त्याची भूमिकाही खरी ठरते तिथे व्हिंडिकेट. 'खरे ठरले' याहून चांगला मराठी शब्द मला सुचत नाही.

तर आजींना सांग, "बाबांवरचं किटाळ गेलं." ऑफिसला मराठीत अर्ज करायचा असेल तर 'सर्व दोषारोपांतून पूर्णतः मुक्त' असं लिही. त्यातलं 'पूर्णतः' गाळू नकोस. आदेशातल्या 'फुली'चं ते मराठी आहे, आणि बडतर्फ केलेल्या माणसाला परत घेतल्यावर मधल्या काळातला पगार पूर्ण मिळायचा की कापून, हे ठरवताना सरकारी नियमांत बघतात तो हाच शब्द.