फ्रान्समध्ये शिकायला गेल्यावर हिजाब घालता येतो का?

विद्यापीठात येतो. गोंधळ होतो तो दोन कायद्यांची सरमिसळ केल्याने. २००४ चा कायदा फक्त सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी. तिथे हिजाब चालत नाही, शीख पगडीसुद्धा नाही. २०१० चा कायदा चेहरा झाकण्याविरुद्ध आहे. नकाब घालून रस्त्यावर दिसलात तर १५० युरोपर्यंत दंड. हिजाबात चेहरा उघडाच, त्यामुळे मेट्रोत, दुकानात कायद्याची आडकाठी नाही. (लोकांच्या नजरा हा वेगळा विषय.)

खरी मेख नोकरीत. सरकारी नोकरीत कामावर असताना मनाई. खासगी कंपनीत सही करण्याआधी नियमावलीत ‘तटस्थते’चं कलम (कामावर धर्माची खूण दिसू नये, असा नियम) आहे का ते शोधा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये असं कलम चालवून घेतलं, पण ते सगळ्या धर्मांना सारखं हवं. नुसतं ‘ग्राहकाला आवडत नाही’ हे कारण पुरत नाही.