वाचकांचे प्रश्न: संस्थेत नवे काही रुजत का नाही?

स्वयंसेवी संस्थांत काम करणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता: काम नेटाने चालू आहे, पण ते वर्षानुवर्षे त्याच चाकोरीतून चालले आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: आमची संस्था मराठवाड्यातील काही गावांत मुलांसाठी अभ्यासिका आणि महिलांसाठी बचत गट चालवते. नव्या कल्पना पुढे याव्यात म्हणून गेल्या वर्षी आम्ही कार्यकर्त्यांची निवासी कार्यशाळा घेतली, कार्यालयात सूचनापेटी लावली, उत्तम कल्पनेला बक्षीसही जाहीर केले. पेटी उघडली तेव्हा प्रवासभत्ता वाढवावा आणि कार्यालयात पिण्याच्या पाण्याची सोय करावी, एवढ्याच मागण्या निघाल्या. आमच्या कार्यकर्त्यांना नवे काही सुचतच नाही, असे समजावे का?
— एका संस्थेचे सचिव

उत्तर: तसे समजू नये, आणि प्रवासभत्त्याची चिठ्ठी तर मुळीच हलक्यात घेऊ नये. ज्या कार्यकर्तीला शेवटच्या वस्तीवर पदरमोड करून जावे लागते ती तिथे कमी वेळा जाते, आणि आपली योजना नेमकी कुठे अडते हे बहुधा त्या शेवटच्या वस्तीवरच दिसते. तेव्हा आधी भत्ता वाढवा, म्हणजे पेटीत चिठ्ठी टाकल्याने काही घडते हे सर्वांना दिसेल.

आता मूळ मुद्दा. दुकानदाराचा माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते आणि दुकानदाराला ते संध्याकाळच्या गल्ल्यावरूनच कळते. स्वयंसेवी संस्थेत पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा असतो. सेवा घेणारी बाई नाराज असली तरी फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल कुरकुर करणे तिला बरे वाटत नाही. ती फक्त पुढच्या वेळी येत नाही, किंवा येऊन गप्प बसते. हे पाहणारी एकच व्यक्ती संस्थेत असते, ती म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती. तिने पाहिलेले वरपर्यंत पोहोचले तरच संस्थेला नवे काही करण्याचे कारण सापडते. आणि बहुतेक संस्थांत ते पोहोचत नाही, कारण पोहोचावे अशी सोयच केलेली नसते.

आपल्या संस्थेचा मासिक अहवालाचा तक्ता एकदा काढून पाहा. गाव, दिनांक, नोंदणी, उपस्थिती, घेतलेले उपक्रम, खर्च, आणि शेवटी बोटभर रुंदीचा ‘शेरा’ नावाचा रकाना. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘समाधानकारक’ एवढा एकच शब्द महिनोन्‌महिने लिहिलेला आढळेल. बाजाराच्या दिवशी अभ्यासिका ओस पडते, मोठ्या मुलींना घरची धाकटी भावंडे सांभाळायची असल्याने त्या सहानंतर येऊ शकत नाहीत, ही माहिती कार्यकर्तीपाशी असते, पण तक्ता तिला ती विचारत नाही. शिवाय उपस्थिती कमी दाखवली की आढावा बैठकीत तिलाच जाब द्यावा लागतो. अशा व्यवस्थेत सूचनापेटी लावून काय साधणार?

गडचिरोलीचे उदाहरण येथे मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण त्याचा शेवट सर्वांना ठाऊक असतो आणि सुरुवात फारशी सांगितली जात नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 च्या सुमारास ‘सर्च’ संस्थेचे काम तिथे सुरू केले. लहान मुलांच्या मृत्यूंमागे न्यूमोनिया हे मोठे कारण होते, आणि तो घरच्या घरी ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती: दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा अधिक असतील तर धोका. हे काम गावातल्या सुइणींनी करावे असे ठरले. अडचण अशी आली की, त्यांच्यापैकी अनेकींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. साक्षर बायका शोधाव्यात, सुइणींना आधी अंक शिकवावेत, असे मार्ग कोणीही सुचवले असते. त्याऐवजी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेले एक साधे साधन तयार झाले. दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा, पुन्हा दहा मोजायचे आणि पुढचा मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत शेवटचा तांबडा मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया आहे असे धरायचे. सुइणीला जे येत होते, म्हणजे दहापर्यंतची मोजणी, त्याच्याच बेताने हे साधन घडवले होते. तिला दहाच्या पुढे मोजता येत नाही ही गोष्ट कोणीतरी लाज न वाटता सांगितली, आणि ऐकणाऱ्याने ती तिची उणीव न मानता आपल्या आखणीची अट मानली, तेव्हाच असे काही सुचू शकते.

पुढे नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला तो 39 गावांत, आणि तुलनेसाठी 47 गावे वेगळी ठेवली होती. गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले गेले. 1993 ते 1998 या काळातील हे काम 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले तेव्हा नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. 2011 पासून आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभरच्या सरकारी कार्यक्रमात आली. तुलनेची गावे आधीच ठरवली नसती, तर मृत्यू आपल्या कामामुळे घटले की त्या वर्षांत असेही घटलेच असते, हे छातीठोकपणे सांगता आले नसते.

आपण लगेच काय करावे? तक्त्यातील ‘शेरा’ काढून तेथे दोन प्रश्न ठेवा: या महिन्यात काय जमले नाही, आणि तुमच्या मते का. मासिक बैठकीचा पहिला अर्धा तास याच उत्तरांसाठी राखा. त्या अर्ध्या तासात सचिव आणि विश्वस्त यांनी सर्वांत शेवटी बोलावे, कारण साहेबांचे मत आधी कळले की बाकीच्यांची मते त्याच्याशी जुळू लागतात. ज्या अडचणी मांडल्या गेल्या त्यांचे काय झाले, हे पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचताना नावानिशी सांगावे. ‘हे करणे शक्य नाही, कारण असे’ एवढे उत्तर मिळाले तरी चालते. न मिळाले तर दुसऱ्या महिन्यापासून त्या रकान्यातही ‘समाधानकारक’ येऊ लागेल.

प्रश्न: समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी दोन वर्षांपूर्वी एका जुन्या संस्थेत रुजू झाले. संस्थापकांना आम्ही सगळे दादा म्हणतो. त्यांच्याबद्दल मनात आदर आहे, पण कोणतीही नवी गोष्ट सुचवली की ‘हे आम्ही पूर्वीच करून पाहिलेले आहे’ असे म्हणून ते विषय मिटवतात. अशा वेळी काय करावे?
— एक कार्यकर्ती, विदर्भ

उत्तर: दादांनी ते खरोखरच करून पाहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि आपण ती गृहीत धरूनच बोलावे. भर बैठकीत वाद घालू नका. वेगळी वेळ मागून घ्या आणि विचारा की तो प्रयोग कोणत्या गावांत झाला, कोणी चालवला, कशामुळे थांबला. यातून दोनांपैकी एक गोष्ट हाती लागेल. एकतर थांबवण्याचे कारण आजही तसेच आहे असे दिसेल आणि आपला वेळ वाचेल, किंवा ते कारण, मग तो रस्ता नसणे असो, फोन नसणे असो किंवा शिकलेल्या मुली गावात नसणे असो, आता उरलेले नाही हे दादांच्याच तोंडून निघेल. जे सांगतील ते लिहून ठेवा. फसलेल्या प्रयोगांची नोंद ही आपल्याकडच्या संस्थांची सर्वांत मोठी दुर्लक्षित ठेव आहे. ती एका-दोघांच्या आठवणीत राहते आणि त्यांच्याबरोबरच जाते. कॅनडातील ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था 2008 पासून आपल्या फसलेल्या कामांचा स्वतंत्र अहवाल छापू लागली. आपण छापला नाही तरी एक वही घालायला हरकत नाही.

संस्थापक बदलायला तयार नसतात, हेही सरसकट खरे नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केले तेव्हा गावांत प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याची त्यांची आखणी होती. बाहेरून आलेल्या, वयाने तरुण परिचारिकांना एकट्याने गावात राहणे अवघड गेले आणि गावानेही त्यांचे फारसे ऐकले नाही. तेव्हा आरोळे दांपत्याने आपलीच आखणी बाजूला ठेवून गावाने निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर असलेल्या स्त्रियांना दर आठवड्याला जामखेडला बोलावून आरोग्यसेविका म्हणून घडवले. आज तो प्रकल्प ओळखला जातो तो या बदलासाठी.

आपला प्रस्ताव लहान ठेवा. दोन गावे, तीन महिने, खर्च एवढा, आणि अमुक घडले नाही तर मी स्वतःच थांबवीन, असे एका पानावर लिहून द्या. थांबण्याची अट अर्जदारानेच घातलेली पाहिली की ज्येष्ठांचा हात सैल सुटतो, असा अनुभव आहे.

प्रश्न: सीएसआर (सामाजिक कामांसाठीचा निधी) देणाऱ्या कंपन्या दरवर्षी ‘इनोव्हेटिव्ह’ प्रस्ताव मागतात, पण प्रयोग फसण्याची मुभा मात्र कोणी देत नाही. मार्चअखेरपर्यंत सगळे पैसे खर्च झाले पाहिजेत, असाच आग्रह असतो. प्रयोगासाठी पैसा आणायचा कोठून?
— एक विश्वस्त, पुणे

उत्तर: जुन्याच उपक्रमाला दरवर्षी नवे इंग्रजी नाव देण्याची कला या मागणीमुळेच बहरली आहे, हे आपण जाणताच. कंपन्यांच्या बाजूनेही पाहू. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम या कामांवर खर्च करावी लागते, आणि वर्ष संपताना ती शिल्लक राहिली की त्यांना उत्तर द्यावे लागते. मात्र 2021 पासूनच्या नियमांत ‘चालू प्रकल्प’ अशी सोय आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर केला तर न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. म्हणून प्रस्ताव मार्चमध्ये संपणारा न आखता, पहिले वर्ष चाचणीचे आणि पुढची दोन विस्ताराची अशी मांडणी करावी, आणि तो चालू प्रकल्प म्हणून मंजूर व्हावा असे सुरुवातीलाच सुचवावे. पुष्कळ संस्था हे मागतच नाहीत.

तरीही पहिल्या चाचणीचा पैसा शक्यतो आपला असावा. आयकर कायद्याप्रमाणे धर्मादाय संस्थेला उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम त्या वर्षी आपल्या उद्दिष्टांसाठी वापरावी लागते आणि उरलेले 15 टक्के शिल्लक ठेवता येतात. प्रकल्पाला बांधलेल्या निधीला हात न लावता, किरकोळ देणग्या, व्याज, जुन्या हितचिंतकांचे पैसे यांतून विश्वस्तांनी ठराव करून एक छोटा प्रयोग-निधी वेगळा काढावा. रक्कम मोठी लागत नाही. पंचवीस-तीस हजारांपर्यंतचा खर्च कार्यक्रम समन्वयकाला विश्वस्तांची परवानगी न घेता करता यावा, फक्त हिशेब आणि एक पानी टिपण द्यावे, एवढा अधिकार दिला तरी संस्थेची हवा बदलते. सनदी लेखापालांना आधी विचारून घ्यावे. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना परदेशी देणग्यांच्या कायद्यातील (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चावर 20 टक्क्यांची मर्यादा आहे आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. त्यामुळे त्या खात्यातून प्रयोग करताना विशेष जपून राहावे.

प्रश्न: आम्ही टॅबवर हजेरी घेतो, आकडे रोज कार्यालयात येतात. पण नवा उपक्रम यशस्वी झाला की नाही हे यावरून ठरवता येत नाही. मग काय मोजावे?
— प्रकल्प समन्वयक, नाशिक जिल्हा

उत्तर: हजेरीवरून आपण काम केले हे कळते, समोरच्या माणसाने त्याचे काय केले हे कळत नाही. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ संस्थेने 1980 ते 1990 या दशकात घरोघरी जाऊन आयांना जुलाबावरचे साखरपाण्यासारखे द्रावण करायला शिकवले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. कार्यकर्तींचा मेहनताना भेटींच्या संख्येवर न ठेवता, काही आठवड्यांनी दुसरी व्यक्ती निवडक घरांत जाऊन आईला काय आठवते ते विचारी आणि त्यावर तो ठरे. शिकवणे त्यामुळे सुधारले. तरी पुढे पाहणीत आढळले की आयांना द्रावण करता येते, पण घरात जुलाब झाले की त्या ते फारसे वापरत नाहीत. शोध घेता कळले की खुद्द शिकवणाऱ्यांचाही त्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातील पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना त्यामागचे शास्त्र दाखवले गेले, पुरुषांशी बाजारात आणि मशिदींत बोलणे सुरू झाले, आणि हे काम एक कोटीहून अधिक घरांपर्यंत गेले.

यात तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या गेल्या: सांगितले का, आठवते का, वापरले का. आपल्या टॅबवर सध्या पहिलीच आहे. दुसरी आणि तिसरी मोजायला टॅब लागत नाही. ‘प्रथम’ संस्थेने 2005 पासून चालवलेल्या ‘असर’ पाहणीत मुलासमोर अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट छापलेला एक कागद ठेवतात, आणि मूल वाचनात कोठे अडते ते काही मिनिटांत समजते. आपल्या उपक्रमासाठी असा एखादा कागद कार्यकर्त्यांबरोबर बसून तयार करावा, महिन्याला दहा घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, आणि तिथे त्या गावच्या कार्यकर्तीऐवजी शेजारच्या गावच्या कार्यकर्तीला पाठवावे. तिचे निष्कर्ष पगाराला किंवा बढतीला सुरुवातीची दोन वर्षे तरी जोडू नयेत. ब्रॅकपाशी तपासणीची स्वतंत्र फळी होती, आपल्यापाशी ती नाही, आणि शेजारणीचे नुकसान होईल अशी नोंद कोणी करणार नाही.