काळजीचा पहारा

प्रश्न : माझे वय २९ असून मला सध्या २२ वा आठवडा चालू आहे. हे आमचे पहिलेच बाळ. सातव्या आठवड्यात एका रात्री मला थोडा रक्तस्राव झाला. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके दिसले आणि पुढे काहीच त्रास झाला नाही. पण तेव्हापासून माझा नवरा पार बदलला आहे. त्याने एक वही केली आहे. मी पाणी किती प्यायले, गोळी कधी घेतली, किती तास झोपले, किती पावले चालले, हे सगळे तो रोज रात्री त्यात लिहितो. माझ्या हातातली पिशवी काढून घेतो, मी कामावर असताना सारखा फोन करतो, झोपेत मी पाठीवर वळले तर हलवून जागे करतो. शारीरिक जवळीक तर पूर्ण थांबली आहे. नुकतीच सविस्तर सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी सर्व ठीक असल्याचे सांगितले, तेव्हा मला वाटले, आता हा निवांत होईल. पण घरी पोहोचेपर्यंत तो अहवालातली मांडीच्या हाडाची लांबी मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून पाहत होता. आता मी खोटे बोलू लागले आहे. जिना चढून येते आणि लिफ्टने आले म्हणून सांगते. काही दिवसांपूर्वी मला बाळाची पहिली हालचाल जाणवली. तीही मी त्याला सांगितलेली नाही, कारण तो ती वहीत लिहील. तो वाईट नाही. मैत्रिणी तर मला भाग्यवान म्हणतात. मग मला त्याचा इतका राग का येतो? आणि बाळ झाल्यावर तरी हे थांबेल का?

उत्तर : रागाचे कारण तुमच्या पत्रातच आहे, मात्र ते तुम्ही शेवटाकडे आणि ओझरते लिहिले आहे. कोणी आपल्या पावलांचा हिशेब मागितला की त्रास होतो, हे खरेच. पण तुमचा खरा सल असा दिसतो की, बाळ हलल्याची बातमी ज्याला सर्वांत आधी सांगावीशी वाटली असती, त्याच माणसाला ती सांगणे तुम्हाला नकोसे झाले. एवढा मोठा आनंद एकटीने गिळून टाकावा लागला, तर राग येणारच. मैत्रिणींना यातले काही दिसत नाही. त्यांना पिशवी उचलणारा नवरा दिसतो. (पिशवीला हातही न लावणाऱ्या नवऱ्यांविषयीची पत्रे माझ्याकडे बरीच येतात, त्यामुळे मैत्रिणींचे म्हणणे मी अगदीच उडवून लावत नाही.)

तुमच्या पत्रातील एक गोष्ट मात्र मला खटकली. सातव्या आठवड्यातील त्या रात्रीचा उल्लेख तुम्ही केला आहे; पण त्या रात्री तुमच्या पतींचे काय झाले, याविषयी पत्रात एक अक्षरही नाही. माझा अंदाज असा की, ते त्यांना कोणी विचारलेच नाही. डॉक्टरांनी तुम्हाला तपासले, धीर दिला, घरच्यांनी तुमची विचारपूस केली आणि ते सर्व योग्यच होते. पण तुमच्या शेजारी बसलेला माणूसही त्या रात्री आपले मूल जाणार या भीतीत होता आणि सकाळी ठोके दिसल्यावर सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तेव्हा ती भीती सांगायची वेळ निघून गेली होती. ती वही नेमकी त्यानंतर सुरू झाली, हा योगायोग मला वाटत नाही.

शिवाय, गर्भावस्थेत आई आणि वडील यांच्या हाती येणारी माहिती सारखी नसते. मळमळ असो, थकवा असो, आता जाणवू लागलेली हालचाल असो, तुमचे शरीर तुम्हाला सतत काहीतरी कळवत असते. त्यांना यातले काहीच जाणवत नाही. त्यांच्या वाट्याला येतात ते आकडे, आणि आकड्यांवर ज्याची सारी भिस्त आहे तो मांडीच्या हाडाची लांबीही तपासत बसतो. त्यांना एवढे सांगता येईल की, अहवालातील प्रत्येक मापाला कमी-जास्तपणाची एक मुभा असते आणि डॉक्टर एकटे हाड पाहत नाहीत; डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि आठवड्यांचा हिशेब हे सर्व जुळवून मगच ते ‘ठीक आहे’ असे म्हणतात. मात्र एका मापाचे समाधान केल्याने मूळ प्रश्न सुटणार नाही. उद्या ते दुसरे माप शोधतील.

मूळ प्रश्न, माझ्या मते, असा आहे : आपण लक्ष ठेवले म्हणून बाळ वाचले, असे त्यांच्या मनाने कुठेतरी धरून ठेवले आहे. त्या रात्रीनंतर पहारा बसला आणि त्यानंतर काही वाईट घडले नाही. मग पहारा उठवायचा कोणत्या धैर्याने? म्हणून वैद्यकीय वस्तुस्थिती दोघांनी एकत्र बसून समजून घेणे आवश्यक आहे. पहिल्या तीन महिन्यांत साधारणपणे चारपैकी एका गर्भवतीला कमी-अधिक रक्तस्राव होतो आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणींची गर्भावस्था पुढे नीट चालते. ठोके दिसल्यानंतर तर ही शक्यता आणखी वाढते. सुरुवातीच्या आठवड्यांत जे गर्भपात होतात, त्यांतील निदान निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांमधील दोष असतो. तो गर्भधारणेच्या वेळीच किंवा त्याच सुमारास घडून गेलेला असतो आणि जिना, पिशवी, कामाची दगदग यांचा त्याच्याशी संबंध नसतो. अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भपात टळतो, असाही पुरावा मिळालेला नाही. याचा अर्थ असा की, तो रक्तस्राव तुमच्या एखाद्या चुकीमुळे झाला नव्हता आणि तो थांबला तोही कोणाच्या पहाऱ्यामुळे नव्हे. हे ऐकून एखाद्याला हायसे वाटेल. तुमच्या पतींना कदाचित आधी धास्तीच वाटेल, कारण वही बाजूला ठेवायची म्हणजे आपल्या हाती फारसे काही नाही हे मान्य करायचे, आणि ते वहीत आकडे भरण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

त्यामुळे सुरुवात वहीपासून करू नका. त्या रात्रीपासून करा. एखाद्या संध्याकाळी दोघे चालायला जा आणि चालता चालता विचारा, ‘‘त्या रात्री मला झोप लागल्यावर तू काय करत होतास?’’ ‘तुला भीती वाटली का’ असे विचारलेत, तर बहुतेक ‘छे, मला काय झालंय’ असे उत्तर येईल. काय करत होतास, या प्रश्नाला मात्र सांगण्यासारखे काही असते : कोणाला फोन लावला, मोबाइलवर काय शोधले, पहाटे कुठे बसून होता. ते सांगू लागले की मध्ये धीर देऊ नका, ‘झाले ते झाले’ म्हणू नका, समजूत काढू नका. पुरते ऐकून घ्या. हे बोलणे अंथरुणावर किंवा वहीच्या वेळी नको. शेजारी चालणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही, म्हणून अनेकांना चालताना बोलणे सोपे जाते.

यानंतर बाळाची हालचाल त्यांना सांगा. ‘‘मी तुला हे काही दिवस सांगितलं नाही, कारण मला ते वहीत नको होतं. ते फक्त आपल्या दोघांत हवं होतं,’’ एवढे स्पष्ट बोललात तरी चालेल. ते दुखावतील, आणि थोडे दुखावले तरी हरकत नाही. वही तुमच्यापासून काय हिरावून घेत आहे हे त्यांना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतके नेमके कळणार नाही. त्यांनी लगेच मोजायला घेतले, तर त्यांना सांगा की २२ व्या आठवड्यात हालचाली मोजण्यात अर्थ नसतो. पहिल्या खेपेस त्या बहुधा विसाव्या आठवड्याच्या आसपास जाणवू लागतात, कोणाला चोविसाव्यापर्यंतही वाट पाहावी लागते आणि सुरुवातीला त्यांना काही वेळापत्रक नसते. पुढे तुमच्या बाळाची एक सवय तुमच्या ओळखीची होईल. त्या सवयीत घट जाणवली, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे. पोटावर हात ठेवून त्यांना हालचाल कळायला अजून काही आठवडे लागू शकतात, आणि वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या बाजूस असेल तर आणखी थोडे अधिक. हेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर हाताला काही लागले नाही म्हणून त्या रात्रीही ते जागतील.

आता नियमांविषयी. त्यांचे सगळेच नियम खुळचट आहेत असे मी म्हणणार नाही. गोळ्या वेळेवर घ्यायच्याच आहेत, धूर आणि मद्य यांपासून दूर राहायचेच आहे. पण पावलांच्या बाबतीत ते उलट्या दिशेने चालले आहेत. प्रकृतीची काही अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. झोपेविषयीचा सल्ला त्यांनी अर्धवट वाचलेला दिसतो. कुशीवर झोपावे हे खरे. परंतु हा सल्ला २८ व्या आठवड्यापासून पुढचा आहे आणि महत्त्व आहे ते झोपी जाताना कुशीवर असण्याला. मध्येच जाग आली आणि आपण पाठीवर आहोत असे लक्षात आले, तर कूस बदलायची, एवढेच. गाढ झोपलेल्या बाईला हलवून उठवावे, असे कोणी सांगितलेले नाही. शारीरिक जवळीकीविषयी थोडक्यात सांगते : डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी मनाई केली नसेल तर तिने बाळाला इजा होत नाही. हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला दोघेही संकोचतात आणि मग महिनोन्‌महिने दोघेही आपापल्या कल्पनेने वागत राहतात.

पुढच्या तपासणीला दोघेही जा आणि डॉक्टरांकडून त्यांच्यासमोरच सांगून घ्या की तुमच्यावर नेमकी कोणती बंधने आहेत. एकही नसेल, तर तसे लिहून घ्या. त्यानंतर घरी तुमचे वाक्य साधे असू द्या : ‘‘डॉक्टरांनी सांगितलेलं मी पाळीन, काही वेगळं जाणवलं तर सगळ्यात आधी तुला सांगेन, पण दिवसभराचा हिशेब देणार नाही.’’ यातील दुसरा भाग तुमच्यासाठी आहे. लिफ्टची थाप किरकोळ वाटते, तरी मला ती पत्रातील सर्वांत धोक्याची गोष्ट वाटते. आज जिना लपवण्याची सवय लागली, तर उद्या डोके ठणकत असताना आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असताना ‘उगीच गोंधळ घालेल’ म्हणून तेही लपवले जाईल, आणि ती लक्षणे लपवण्यासारखी नसतात. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज येणे, ताप येणे, हालचाल मंदावणे, यांचेही तसेच. ही यादी तुमच्या पतींना तोंडपाठ असू द्या. लक्ष ठेवायचेच असेल तर त्यांनी यांवर ठेवावे.

वही फाडून टाका, असे मी सांगत नाही. तुमच्या पत्रावरून असे दिसते की, त्या वहीत प्रसूतीनंतरचे एकही पान नाही. सगळे लक्ष ४० आठवड्यांवर आहे आणि एकेचाळिसाव्या आठवड्यात घरात काय होणार याचा विचार कोणीच केलेला नाही. रात्री बाळ उठेल तेव्हा कोण उठणार, पहिल्या महिन्यात कामावरून किती रजा मिळणार, तुम्ही बाळाला पाजत असताना तुमच्या खाण्यापिण्याकडे कोण पाहणार, लसीकरणाच्या तारखा कोण सांभाळणार, कोणाला कोणत्या वेळी भेटायला येऊ द्यायचे, अशी खरीखुरी कामे पुढे उभी आहेत. ज्या माणसाला काळजी कामातूनच व्यक्त करता येते, त्याला ही कामे द्या. ती तुमच्या शरीराबाहेरची आहेत, हा त्यांचा मोठा गुण.

बाळ झाल्यावर हे थांबेल का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर, आपोआप थांबणार नाही. भीती न बोलता तशीच राहिली, तर पाण्याच्या रकान्यात दुधाची मापे येतील आणि रात्री तुमच्याऐवजी बाळाचा श्वास तपासला जाईल. थोडेफार तसे सगळेच नवे आईवडील करतात. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ त्यांना झोप येत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय चैन पडत नसेल, तर त्यांनी समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. यात लाजण्यासारखे काही नाही. गर्भावस्थेपासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंतच्या काळात वडिलांपैकी साधारण १० टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळतात, असे अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसून आले. मातांमधील नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली आता वडिलांसाठीही वापरली जाते. ‘मला कशाला डॉक्टर’ असे ते म्हणाले, तर तुमच्या प्रसूतितज्ज्ञांनाच हा विषय काढायला सांगा. त्यांचा शब्द तुमच्या शब्दापेक्षा लवकर मानला जाण्याचा संभव आहे.

एका गोष्टीकडे मात्र तुम्ही डोळसपणे पाहावे. तुमच्या पत्रातून मला घाबरलेला माणूस दिसतो. परंतु पहारा उद्या पैशांवर बसला, मैत्रिणींना भेटण्यावर किंवा नोकरीवर बसला, डॉक्टरांशी एकटीने बोलू न देण्यापर्यंत गेला, किंवा ‘हिशेब देणार नाही’ म्हटल्यावर तुम्हालाच त्यांची भीती वाटू लागली, तर त्याला काळजी समजून सांभाळून घेऊ नका. तेव्हा विश्वासातल्या माणसाला लगेच सांगा, पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांशी दार लावून एकट्या बोला, आणि समुपदेशकाकडे त्यांना सोबत न घेता जा.