निर्णय कोणत्या मेजावर होतो, ते आधी पाहावे

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा समजला: युरोपचे हवामान धोरण म्हणजे ब्रसेल्सचे, अर्थात युरोपीय महासंघाच्या मुख्यालयाचे, धोरण असे मानले, तर पोलंड, जर्मनी आणि ऑस्ट्रिया वेगवेगळ्या दिशांना का ओढतात, आणि २०३५ नंतरच्या मोटारींच्या नियमासारखी एकदा ठरलेली गोष्ट पुन्हा पुन्हा चर्चेला का येते? मी बरीच वर्षे जर्मनीत राहतो आणि कामानिमित्त हे कायदे वाचावे लागतात, त्यावरून सांगतो. धोरणात काय लिहिले आहे हे पाहण्याआधी तो निर्णय कोणत्या मेजावर होतो आणि तिथे किती हात वर व्हावे लागतात हे पाहिले, तर आपल्याला खटकणाऱ्या बहुतेक विसंगतींचा उलगडा होतो.

सुरुवात १९९२ पासून करू. त्या वर्षी युरोपीय आयोगाने, म्हणजे महासंघाच्या कार्यकारी मंडळाने, कार्बन आणि ऊर्जा यांवर सर्व सदस्य देशांत लागू होईल असा कर सुचवला होता. महासंघाच्या पातळीवर करविषयक तरतुदींना एकूण एक सदस्य देशांची संमती लागते. ती मिळाली नाही आणि प्रस्ताव बारगळला. पर्यावरणविषयक कायद्यांना मात्र सर्वसाधारणपणे विशेष बहुमत पुरते. कर नको, पण उत्सर्जनाला किंमत तर हवी, या पेचातून २००३ चा निर्देश आला आणि १ जानेवारी २००५ पासून उत्सर्जन परवान्यांचा बाजार सुरू झाला. उत्सर्जन घटवण्याच्या क्योटो या आंतरराष्ट्रीय करारात अशा व्यापाराची सोय होती, याचाही त्यात वाटा आहे. तरीही माझे मत असे की कर बरा की बाजार बरा हा अर्थशास्त्रातला वाद युरोपने सोडवलाच नाही. एका दाराला कुलूप होते म्हणून तो दुसऱ्या दाराने आत गेला.

या बाजाराची रीत सोपी आहे. वीज केंद्रे, पोलाद, सिमेंट अशा उद्योगांच्या एकूण उत्सर्जनावर मर्यादा घालायची, प्रत्येक टनासाठी एक परवाना मागायचा आणि मर्यादा दरवर्षी खाली आणायची. प्रत्यक्षात पहिली अनेक वर्षे परवाने गरजेपेक्षा जास्त होते आणि २००८ नंतरच्या मंदीने तर त्यांचा ढीगच साचला. एप्रिल २०१३ मध्ये काही परवान्यांचा लिलाव पुढे ढकलण्याचा साधा प्रस्ताव युरोपीय संसदेने ३३४ विरुद्ध ३१५ मतांनी फेटाळला, तेव्हा एका टनाचा भाव तीन युरोच्याही खाली गेला. तेवढ्या पैशांत इथे एक कप कॉफी मिळते. त्यानंतर काही महिन्यांतच संसदेने आपले मत बदलले, २०१९ पासून जादा परवाने बाजूला काढणारी राखीव व्यवस्था लागू झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये भावाने प्रथमच शंभर युरो ओलांडले. धोरण तेच होते. मर्यादेवर लोकांचा विश्वास बसायला अठरा वर्षे लागली.

आता विशेष बहुमत म्हणजे काय ते पाहू. मंत्रिपरिषदेत, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या बैठकीत, २७ पैकी किमान १५ देश बाजूने हवेत आणि त्या देशांत महासंघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या हवी. ही दुसरी अट कागदावर रुक्ष वाटते, पण १७ जून २०२४ रोजी लक्झेंबर्गमध्ये तिने काय केले ते पाहण्यासारखे आहे. (एप्रिल, जून आणि ऑक्टोबर या महिन्यांत मंत्र्यांच्या बैठका ब्रसेल्सऐवजी लक्झेंबर्गला भरतात.) पाणथळ जमिनी, नद्या आणि जंगले पूर्ववत करण्याचा निसर्ग पुनर्स्थापना कायदा तिथे मताला आला होता. दलदलीची जमीन कोरडी केली की तिच्यात साठलेला कार्बन हवेत जातो, म्हणून हा कायदा हवामानाचाही आहे. बरेच महिने लोकसंख्येचे गणित जुळत नव्हते. ऑस्ट्रियाच्या पर्यावरणमंत्री लिओनोरे गेव्हेसलर ग्रीन पक्षाच्या, तर चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, कार्ल नेहामर पुराणमतवादी पक्षाचे. नेहामर यांचा विरोध असताना, आणि ऑस्ट्रियाचे मत ग्राह्य धरू नये असे त्यांनी कळवलेले असताना, गेव्हेसलर यांनी बाजूने मत दिले. बाजूने २० देश आणि ६६.०७ टक्के लोकसंख्या. ऑस्ट्रियाची लोकसंख्या महासंघाच्या सुमारे दोन टक्के आहे. ती वजा केली असती तर कायदा पडला असता. मायदेशी त्यांच्यावर पदाच्या दुरुपयोगाची तक्रार झाली, पण कायदा टिकला. बैठकीचे अध्यक्षपद त्या वेळी बेल्जियमकडे होते आणि स्वतः बेल्जियम तटस्थ राहिले, कारण त्या देशाच्या अंतर्गत प्रांतांचेच एकमत नव्हते.

मोटारींचे प्रकरण याच नियमाच्या उलट्या बाजूचे. नव्या मोटारींचे कार्बन उत्सर्जन २०३५ पासून शून्यावर आणण्यावर संसद आणि मंत्रिपरिषद यांची तडजोड झाली होती आणि मार्च २०२३ मध्ये उरला होता केवळ औपचारिक शिक्का. त्या शेवटच्या क्षणी जर्मनीने हात आखडता घेतला. तेव्हाच्या तीन पक्षांच्या आघाडीत वाहतूक खाते उदारमतवादी पक्षाकडे होते आणि कृत्रिम इंधनावर चालणाऱ्या गाड्यांना वाट हवी असा त्या पक्षाचा आग्रह होता. लोकसंख्येने एवढा मोठा देश सरकला, सोबत पोलंड आणि इटलीही नाराज, की ६५ टक्के गाठणे अशक्य होते. आश्वासन मिळाले आणि महिनाअखेरीस कायदा संमत झाला. परंतु शेवटच्या पायरीवरही अडवता येते हा धडा सर्वांनीच घेतला. डिसेंबर २०२५ मध्ये आयोगाने स्वतःच शंभराऐवजी ९० टक्के कपातीचा प्रस्ताव ठेवला, त्यामागे वाहन उद्योगाचा दबाव जितका आहे तितकाच हा अनुभवही असावा, असे मला वाटते.

पोलंड वेगळ्या दिशेला ओढतो, हे आपण जरा कडक शब्दांत म्हटले आहे. सर्वोच्च मेज म्हणजे राष्ट्रप्रमुख आणि सरकारप्रमुखांची युरोपीय परिषद. तिथे रिवाज एकमताचा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये २०५० च्या हवामान-तटस्थतेला, म्हणजे उत्सर्जन आणि त्याचे शोषण समसमान करण्याला, पोलंडने संमती दिली नाही. कोळशावर चालणाऱ्या देशाला बदलाची किंमत कोण देणार हा त्याचा प्रश्न होता. याच वाटाघाटींच्या छायेत कोळसा खाणींच्या प्रदेशांसाठीचा न्याय्य संक्रमण निधी आकाराला आला. २०२१ च्या हवामान कायद्याने २०३० पर्यंत १९९० च्या तुलनेत ५५ टक्के निव्वळ घट आणि २०५० पर्यंत तटस्थता ही उद्दिष्टे बंधनकारक केली, परंतु ओझे सारखे वाटलेले नाही. परवाना बाजाराबाहेरच्या क्षेत्रांत, म्हणजे रस्ते वाहतूक, इमारती, शेती यांत, २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत जर्मनी आणि स्वीडनने ५० टक्के घट करायची आहे, तर बल्गेरियाने १० टक्के. वाटणी मुख्यतः दरडोई उत्पन्नावर ठरते. एकाच घरातल्या भावांनी कमाईप्रमाणे वर्गणी द्यावी, तसा हा हिशोब आहे, आणि भांडणेही तशीच होतात.

उद्दिष्ट ब्रसेल्समध्ये ठरले तरी ते घरापर्यंत पोहोचते राष्ट्रीय कायद्याने. माझ्या भाड्याच्या घराच्या वार्षिक खर्चपत्रकात कार्बन खर्चाची एक स्वतंत्र ओळ असते. जर्मनीने २०२१ मध्ये गरम करण्याच्या आणि वाहनांच्या इंधनावर टनाला २५ युरो आकारायला सुरुवात केली. २०२५ मध्ये तो दर ५५ युरो झाला. भाडेकरूने काटकसर करावी हे ठीक, पण भिंतींना उष्णतारोधक थर लावायचा की नाही हे तर घरमालक ठरवतो. म्हणून २०२३ पासून हा खर्च दहा पायऱ्यांत विभागला जातो: इमारत उत्तम असेल तर सगळा भाडेकरूकडे, अगदीच गळकी असेल तर ९५ टक्के मालकाकडे. माझी इमारत मधल्या पायरीवर आहे, त्यामुळे आम्ही निम्मे-निम्मे भरतो. मालकांनी पहिल्या वर्षी चुकून सगळी रक्कम माझ्या नावे लावली होती. कायद्याचे कलम दाखवल्यावर त्यांनी ती मुकाट्याने दुरुस्त केली. ही विभागणी संपूर्णपणे बर्लिनमध्ये ठरली आहे, ब्रसेल्सचा तिच्याशी संबंध नाही. घरे आणि गाड्यांच्या इंधनासाठी युरोपभरचा दुसरा परवाना बाजार २०२७ मध्ये सुरू व्हायचा होता, आणि सामान्य माणसाच्या बिलावर थेट येणारी बाब असल्यामुळेच मंत्रिपरिषदेने नोव्हेंबर २०२५ मध्ये तो वर्षभर पुढे ढकलण्याची भूमिका घेतली. फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनकरातून पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले होते, ते कोणी विसरलेले नाही.

आणखी एक मेज आहे, जिथे हात वर करावे लागतच नाहीत: न्यायालय. नेदरलँड्समध्ये अर्जेंडा या संस्थेने आणि ८८६ नागरिकांनी सरकारला कोर्टात खेचले. २०२० पर्यंत १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्के घट करा, हा २०१५ चा हेगच्या जिल्हा न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले की २०३० नंतरचे ओझे पुढच्या पिढीवर ढकलणारा कायदा तिच्या स्वातंत्र्यावर घाला घालतो. सरकारने काही आठवड्यांतच तटस्थतेचे वर्ष २०५० वरून २०४५ वर आणले. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील ज्येष्ठ महिलांच्या संघटनेने स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात आपल्या सरकारविरुद्ध खटला जिंकला. इथे नेहमी घोटाळा होतो: हे न्यायालय महासंघाचे नाही, ४६ देशांच्या युरोप परिषदेचे आहे (वर आलेली युरोपीय परिषद वेगळी), म्हणून महासंघाबाहेरचा स्वित्झर्लंडही त्याच्या कक्षेत येतो. निकालानंतर दोनच महिन्यांत स्विस संसदेने आम्ही पुरेसे केले आहे असे जाहीर केले, तेव्हा या मेजाचीही मर्यादा दिसली.

ब्रिटनबद्दल आपण ओझरते विचारले आहे. २००८ चा हवामान बदल कायदा, पाच-पाच वर्षांची कार्बन अंदाजपत्रके आणि सरकारला जाहीरपणे सुनावणारी स्वतंत्र समिती ही त्यांची देणगी. महासंघाच्या २०२१ च्या कायद्यातील पंधरा जणांचे वैज्ञानिक सल्लागार मंडळ त्याच वळणाचे आहे. शेवटचे कोळसा वीज केंद्र त्यांनी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले.

सीमेवरील कार्बन आकार भारतीय वाचकांना अधिक जवळचा. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीवर हा आकार १ जानेवारी २०२६ पासून अंतिम स्वरूपात लागू आहे, आणि पुण्याहून नटबोल्ट पाठवणारा कारखानदारही त्यात येतो. पैसे युरोपातील आयातदार भरतो, परंतु उत्सर्जनाची आकडेवारी कारखान्यालाच द्यावी लागते. ती नसेल तर ठरवून दिलेले मूल्य लागते आणि ते सहसा महागात पडते. भारताने याला व्यापारातील अडथळा म्हटले आहे, त्यात तथ्य आहे. हा आकार कायद्याच्या भाषेत कर नाही, पर्यावरणविषयक उपाय आहे, म्हणून तोही विशेष बहुमताने संमत झाला. १९९२ मध्ये जे दार बंद होते, त्याच्या शेजारच्या दाराने.