‘हृदयात पाणी’ आणि ‘सोनोग्राफीखाली’

फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न: सासऱ्यांच्या डिस्चार्ज कार्डावरचा इंग्रजी मजकूर त्यांनी घरच्यांसाठी मराठीत उतरवला, ‘हृदयात पाणी झालं होतं, ते सोनोग्राफीखाली काढलं.’ दीर हसले. वाक्यात चुकलं काय?

ताई, शब्द सगळे ठीक आहेत, घोटाळा त्यांच्या शेपट्यांचा, म्हणजे ‘-त’ आणि ‘-खाली’चा आहे.

आधी ‘हृदयात’. हृदयात रक्तच असतं. पाणी साठतं ते हृदयाभोवतीच्या दुपदरी पिशवीत, म्हणजे पेरिकार्डियममध्ये. तिथं एरवीही वंगणापुरता १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतोच. तो हळूहळू वाढला तर पिशवी ताणत जाते, लिटरभरही सामावून घेते. झपाट्याने वाढला तर दीड-दोनशे मिलिलिटरसुद्धा हृदयाला दाबून धरतो, त्याला नीट भरता येत नाही. म्हणून ‘हृदयाभोवती पाणी’ म्हणायचं. ‘पाणी’ मात्र राहू द्या. तो द्रव कधी रक्त असतो, कधी पू, पण ‘छातीत पाणी’, ‘पोटात पाणी’ आपण म्हणतोच, आणि जलोदरातलं जलही विहिरीचं नव्हे.

पेरिकार्डियमसाठी कोशांत ‘हृदयावरण’ सापडतं. मला ‘परिहृद’ जास्त आवडतो. ग्रीक ‘पेरी’ आणि आपला ‘परि’ सख्खे भाऊ, ‘कार्डिया’ आणि ‘हृद्’ हेही एकाच कुळातले. म्हणजे हे भाषांतर नव्हेच, नातेवाइकांची भेट!

आता ‘सोनोग्राफीखाली’. दीर हसले ते बहुधा इथंच. इंग्रजीतला ‘खाली’ जसाच्या तसा उचलला गेलाय. ‘देखरेखीखाली’ आपल्याकडे रुळला, कारण देखरेख करणारा माणूस वर उभा असतो. सोनोग्राफी कुणाच्या डोक्यावर उभी नसते. तिथं घडतं काय ते बघा. मी बांबोळीच्या इस्पितळात एका नातलगाच्या टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या वेळी पडद्यासमोर उभा होतो. धडधडणाऱ्या हृदयाभोवती काळाभोर पट्टा दिसत होता. तेच पाणी, कारण द्रव पडद्यावर काळा उमटतो. पट्टा सर्वांत जाड कुठं आहे आणि त्वचेपासून सर्वांत जवळ कुठं, हे डॉक्टर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं हातातलं यंत्र, छातीवर फिरवून शोधतात. वाटेत फुप्फुस नको, यकृत नको. जागा ठरली की पेनाने खूण करतात, प्रोबचा कोन ध्यानात ठेवतात आणि त्याच कोनात सुई घालतात. सुई नेमकी पोचली का अशी शंका आली तर खळखळवलेलं थोडं सलाईन आत सोडतात. पिशवीत पांढरे बुडबुडे चमकले की जागा बरोबर. मग ‘इकोवर बघून पाणी काढलं’ किंवा ‘पडद्यावर बघत सुई घातली’ म्हणायला काय हरकत आहे?

हा ‘बघून’ क्षुल्लक नाही. व्हिएन्नात शल्यचिकित्सक फ्रान्झ शू यांनी १८४० साली हे पाणी काढलं ते न बघता, आणि पुढं शंभरएक वर्षं सुई अशीच अंदाजाने, बहुधा छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालून जायची. यकृत तिथंच शेजारी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयात १९७९ पासून इकोवर बघून काढू लागले, तेव्हा जिथं पाणी जास्त तिथून सुई, अशी रीत बसली.

‘काढलं’ऐवजी ‘निचरा’ शब्दही काहींनी सुचवलाय. पिशवीत नळी ठेवून एक-दोन दिवस द्रव झिरपू देतात, त्याला तो शोभतो. सुईने एका बैठकीत काढलं तर ‘काढलं’च. शास्त्रीय नावच हवं तर ‘परिहृदवेधन’. सुश्रुताच्या आठ शस्त्रकर्मांत ‘वेध्य’ आहेच.

राहिल्या तुमच्या सासूबाई. त्या घरी कोंकणीत ‘काळजांत उदक जालां’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना ‘काळजाभोंवतणी’ सुचवा. मराठीत मात्र ‘काळीज’ टाळा. एक तर मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, आणि दुसरं, ‘काळजाचं पाणी झालं’ म्हटलंत तर सासरे नाही, तुम्हीच घाबरलात असं लोक समजतील.