इंग्लंडमधली बँक : तुमच्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे लेस्टरला यायचं ठरतंय, मुलगी नऊ वर्षांची आहे, आणि बँकेचं खातं तिकडे पोचल्यावर एक-दोन दिवसांत उघडतं ना? शेवटी एक ओळ, एकटं वाटतं का? व्हिसा, आरोग्य सरचार्ज, ई-व्हिसाचा शेअर कोड हे सगळं सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेलं आहे, ते परत लिहीत नाही. बँकेबद्दल मात्र लिहिते, कारण तो प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

एक-दोन दिवसांत होत नाही. निदान हाय स्ट्रीटवरच्या, म्हणजे मुख्य बाजारपेठेत शाखा असलेल्या, मोठ्या बँकेत नाही. घराचा एजंट म्हणतो, भाडं इथल्या खात्यातून यायला हवं. बँक म्हणते, पत्त्याचा पुरावा आणा. पत्त्याचा पुरावा म्हणजे भाडेकरार, काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, पत्र किंवा विजेचं बिल, आणि ही तिन्ही कागदपत्रं घर मिळाल्यावरच हातात येतात. तिकडे कंपनीचा एचआर पगारासाठी सॉर्ट कोड (आपल्या आयएफएससीसारखा शाखेचा आकडा) आणि खाते क्रमांक मागत असतो. आमचा करार नवऱ्याच्या नावावर होता, त्यामुळे त्याचं खातं उशिरा का होईना, निघालं. माझ्या नावाचा एकही कागद नव्हता. मी पासपोर्टचं शेवटचं पान दाखवलं. तिथे नवऱ्याचं नाव आहे, पत्ता आहे, भारत सरकारचा शिक्का आहे. काउंटरवरच्या मुलीने ते पान बघितलं आणि पासपोर्ट परत सरकवला. तिच्या यादीत ते बसत नव्हतं.

मी सांगलीत सहकारी बँकेत बरीच वर्षं काम केलंय, शेवटी पासिंगला, म्हणजे व्यवहार मंजूर करायला, होते. केवायसीचे कागद मी स्वतः तपासलेत, परतही पाठवलेत. पण समोरच्या माणसाला काय कमी आहे आणि ते कुठे मिळेल, हे सांगितल्याशिवाय काउंटरवरून उठू दिलं नाही. त्यामुळे 'आमच्या सिस्टिममध्ये बसत नाही' हे वाक्य मला इतरांपेक्षा जास्त लागतं. वीस वर्षांचं खातं, एकही हप्ता न चुकलेलं गृहकर्ज, सिबिलचा चांगला स्कोर, यातलं काहीही इथे मोजत नाहीत. इथल्या क्रेडिट संस्थांकडे तुमची पाटी कोरी असते.

नावाचंही ऐकून ठेवा. आपल्या पासपोर्टवर बहुतेकींचं स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. बँक कधी दोन्ही घेते, कधी नुसतं पहिलं. इथे पैसे पाठवताना खात्यावरचं नाव जुळतंय का ते आधी तपासलं जातं, त्यामुळे अर्धं नाव असलं की समोरच्याला 'नाव जुळत नाही' असा इशारा दिसतो आणि तो पैसे पाठवायला घाबरतो. खातं उघडतानाच आग्रह धरा, पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव घाला. नंतर बदलायला फोन करावा लागतो, आणि फोनवर आपला 'व्ही' त्यांना 'डब्ल्यू' ऐकू येतो.

आता जे झालं ते सांगते.

दुसऱ्या वर्षी सासऱ्यांनी मिरज रस्त्यावरचा प्लॉट विकला आणि आमच्या वाट्याचे पैसे घराच्या डिपॉझिटसाठी इकडे पाठवले. सगळं कायदेशीर, एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं खातं), कर भरून, सीएच्या प्रमाणपत्रासह. पैसे जमा झाले आणि दोन दिवसांनी आमचं जॉइंट खातं बंद. कार्ड चालेना, ॲप उघडेना. भाड्याचा डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप जाणारा हप्ता, परत गेला. फोनवर प्रत्येक वेळी वेगळा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, आणि उत्तर एकच : खातं तपासणीखाली आहे, कारण सांगता येत नाही. शाखेत गेले तर त्यांनी मला तिथल्याच एका फोनपाशी बसवलं आणि तोच नंबर लावून दिला.

कारण का सांगत नाहीत, हे मला माहीत आहे. 2002 च्या प्रोसीड्स ऑफ क्राइम कायद्याप्रमाणे बँकेला व्यवहाराचा संशय आला तर ती नॅशनल क्राइम एजन्सीला कळवते, आणि कळवलंय हे ग्राहकाला सांगणं हा गुन्हा ठरू शकतो. काउंटरवरच्या मुलीला तर बहुधा तेही ठाऊक नसतं, तिच्या पडद्यावर फक्त एक खूण दिसते. नियम मला पटतो. सांगलीतही संशयास्पद व्यवहार कळवावे लागतच. पण घरात पोर आहे, भाडं थकलंय, किराण्याचं काय, एवढं विचारायला कुठला कायदा अडवतो? कुणीही विचारलं नाही.

शेवटी त्यांनी पैशांच्या स्रोताचे कागद मागितले. आमचं खरेदीखत मराठीत, इंडेक्स टू मराठीत, सातबारा मराठीत. इंग्रजी भाषांतर हवं, तेही भाषांतरकाराची सही, तारीख आणि संपर्काचा पत्ता असलेलं. ते होईपर्यंत आठवडे गेले. खातं उघडलं, कारण न सांगता, जसं बंद झालं होतं तसंच. मी लेखी तक्रार केली. गैरसोयीबद्दल दीडशे पौंड आणि माफीचं पत्र आलं. पत्रात आमचं आडनाव चुकलेलं होतं.

हे सगळं मी विसरले असते. विसरता येत नाही ते वेगळंच आहे. त्या आठवड्यांत मुलाच्या वर्गाची म्युझियमची सहल होती. शाळेचे पैसे ऑनलाइन कार्डाने भरायचे असतात, आमचं कार्ड बंद. शाळेच्या ऑफिसने 'पैसे आलेले नाहीत' अशी चिठ्ठी त्याच्याच हातात दिली, वर्ग चालू असताना. आम्ही शेजाऱ्यांकडून घेऊन रोख भरले, तो गेला, मजा करून आला. विषय संपला असं आम्हाला वाटलं. पुढच्या वर्षी वेल्सला तीन रात्रींचा कॅम्प होता. त्याचं पत्र त्याने आम्हाला दिलंच नाही. जागा भरून गेल्यावर दुसऱ्या मुलाच्या आईकडून कळलं. विचारलं तर म्हणाला, 'बँकेचं परत झालं तर?' नऊ वर्षांचा होता. खात्यात पैसे होते, सगळं सुरळीत होतं, आणि पोराने आपल्या मनाशी हिशेब करून ठेवला होता की आपण मागायचं नाही. ते कोणत्या दीडशे पौंडांत बसतं?

म्हणून तुमची मुलगीही नऊ वर्षांची आहे हे वाचून मी थांबले. तिला आधीच सांगून ठेवा की नव्या देशात कागदांपायी खोळंबा होतो, पैसे नाहीत म्हणून नाही, आणि शाळेचं प्रत्येक पत्र आईच्या हातात आलंच पाहिजे.

करण्यासारखं काय, तेही लिहिते. पहिलं खातं मोंझो किंवा स्टार्लिंगसारख्या ॲपवरच्या बँकेत काढा. पासपोर्टचा फोटो, स्वतःचा छोटा व्हिडिओ आणि इथला पत्ता एवढ्यावर काम होण्याची शक्यता मोठ्या बँकेपेक्षा जास्त. मोठ्या बँकेत सावकाश जा. आणि कधीही एकाच बँकेवर संसार चालवू नका. इथे पाट्या वेगळ्या आणि मालक एक असं खूप आहे : लॉइड्स, हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड एका समूहातल्या, नॅटवेस्ट आणि आरबीएस एका, एचएसबीसी आणि फर्स्ट डायरेक्ट एका. एकीकडे अडकलात तर त्याच घरातल्या दुसरीकडेही अडकू शकता. दुसरं खातं दुसऱ्या समूहात ठेवा, त्यात महिन्याचं भाडं आणि किराणा निघेल एवढं राहू द्या, आणि दोघांच्या नावाने एकेक स्वतंत्र खातंही असू द्या. बँक बुडाली तर परत मिळण्याची हमी डिसेंबर 2025 पासून 1,20,000 पौंडांपर्यंत आहे, पण ती लायसन्सप्रमाणे मोजतात. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड मिळून एकच.

मोठ्या बँकेने साफ नाही म्हटलं तर 'बेसिक बँक अकाउंट' हे शब्द वापरून मागा. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकांना ते देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यावर ओव्हरड्राफ्ट नसतो, पण पगार येतो आणि डायरेक्ट डेबिट जातो.

घर मिळालं की लगेच मतदारयादीत नाव नोंदवा. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकांना मतदान करता येतं, हे आपल्या लोकांना बहुतेक कुणी सांगतच नाही. क्रेडिट संस्था पत्ता त्या यादीवरून पडताळतात.

बिनसलं तर पहिल्याच वाक्यात 'मला तक्रार नोंदवायची आहे' म्हणा. नुसतं गाऱ्हाणं सांगितलं तर ते हवेत विरतं. तक्रार म्हटलं की साधारण आठ आठवड्यांत त्यांना अंतिम उत्तर द्यावं लागतं. ते पटलं नाही तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, फुकट, वकील लागत नाही. मी गेले नाही. नवरा म्हणाला, आता पुरे, घर बघू. तो चुकला असं मी म्हणत नाही, पण मला अजून कारण हवंय.

शाखेवर फार विसंबू नका. 2015 पासून इथे सहा हजारांहून जास्त शाखा बंद झाल्या, आमच्या गावातली त्यातलीच. रोख भरायला आता मी पोस्टात जाते. आणि भारतातलं सिमकार्ड रोमिंगवर जिवंत ठेवा, तिकडच्या बँकांचे ओटीपी बहुतेक त्यावर येतात. निघण्याआधी साधं बचत खातं एनआरओ करून घ्या. इकडून करायला गेलात तर तिकडची शाखा तुम्हाला रडवेल.

एकटेपणाबद्दल विचारलंत. वाटतं. नोव्हेंबरात चारला अंधार पडतो तेव्हा जास्त वाटतं. लेस्टरला आपली माणसं भरपूर आहेत, महिन्याभरात ओळखी होतील, त्याची चिंता करू नका.

जमिनीचे, घराचे कागद असतील तर इंग्रजी भाषांतरं तिकडेच करून, सही-तारखेसह आणा. मी तुमच्यापासून गाडीने तासाभरावर आहे. बँकेत पहिल्या वेळी जायचं ठरलं की दिवस कळवा, मी सोबत येईन. कागदांची फाइल आधी मला दाखवा.